माप आजचं घे

प्रिय लेकी,

तुझा रात्रीचा निरोप सकाळी वाचला, पिशव्यांचे फोटोही नीट बघितले. मोठा पोटात असताना मांडलेली गोधडी, पुढचा-मागचा भाग आणि एकच बाही झालेला पिवळा स्वेटर, क्रोशाच्या चौकोनांचा ढीग, एक मोजा. मोठा आता चार वर्षांचा, धाकटी पाच महिन्यांची. आणि तू विचारतेस, आधी काय पूर्ण करू, की सगळं कुणाला तरी देऊन टाकू आणि दोघांसाठी विकतचंच आणू?

हाताने केलेल्याचं मोल तुला सांगत बसत नाही. ते ठाऊक नसतं तर दोन पोरं निजवून माळ्यावरच्या पिशव्या खाली काढल्या नसत्यास. तुझा घोळ दुसरीकडेच आहे. चार वर्षांपूर्वी ज्या बाळासाठी टाके घातलेस, त्या बाळासाठी तू ते काम आज संपवायला निघाली आहेस. ते बाळ आता घरात नाही. जी दोन आहेत त्यांची मापं घे. आजची.

बाळ जन्मतं तेव्हा साधारण 50 सेंटिमीटर लांब असतं, वर्षाचं होईतो 75 च्या आसपास जातं. डोक्याचा घेर जन्मतः 35 सेंटिमीटरच्या आगेमागे, पहिल्या वाढदिवसाला 46. टोपडं सुईवर चढवलंस आणि तीन महिने पिशवीत राहिलं, की ते त्या डोक्याला होत नाही. यात आळशीपणाचा प्रश्न नाही, तू स्वतःला लावून घेतलेली ती दूषणं आधी बाजूला ठेव. तान्ह्या बाळाच्या आईचं काम अर्धवट राहणारच. राहिलेलं काम पुन्हा हातात घेताना जुनं माप तसंच धरून बसायचं, हे मात्र मला पटत नाही, आणि तू तेच करते आहेस.

आता स्वेटर. फोटोत शेजारी तुझी टेप आहे, त्यावरून रुंदी दहा इंच दिसते, म्हणजे घेर वीस. मोठ्याला तो आता जन्मात होणार नाही, धाकटीला वर्षाची होईपर्यंत सहज होईल. पण तुम्ही राहता ठाण्यात. तिथे पूर्ण बाह्यांचा लोकरी स्वेटर बाळाला किती दिवस घालशील? तेव्हा दुसरी बाही विणूच नकोस. झालेली बाही उसव आणि त्याच लोकरीने दोन्ही काखांच्या कडेने टाके उचलून एक सुलट एक उलट अशी बोटभर पट्टी विण. बंडी झाली. दिवाळीला गावी आलीस की इकडच्या थंडीत कामाला येईल, आणि एरवी एसीच्या गाडीत. मूळ आकृतीत बाह्या होत्या, असं मला सांगू नकोस. आकृती कागदावर आहे, पोर तुझ्या मांडीवर आहे. माप पोराचं घ्यायचं.

मोजा उसव. हो, उसवच. त्याचा जोडीदार आता विणलास तरी पाय कुणाचा घालशील त्यात?

उसवायला तुझा जीव होत नाही, हे मला माहीत आहे. म्हणून कसं करायचं तेही लिहिते. आधी शिवणी उकल, मग जिथे टाके बंद केले होतेस ते टोक शोध. तिथून धागा सरसर सुटतो. सुरुवातीच्या बाजूने ओढलास तर गुंता होईल. सुटलेली लोकर कुरळी असते, ती तशीच विणली तर टाके वेडेवाकडे दिसतात. खुर्चीच्या पाठीला गुंडाळत लड कर, चार ठिकाणी सैल दोरा बांध, कोमट पाण्यात बुडवून हलकेच दाब, पिळू नकोस. सावलीत टांग आणि खाली एखादा चमचा अडकव. वाळेपर्यंत धागा बराच सरळ होतो. गुंडा करताना सैल गुंडाळ.

माझ्या मुलाचा पहिला स्वेटर निळा होता. तो आखूड झाला तेव्हा मी उसवला, राखाडी लोकर जोडून पुढच्या थंडीसाठी मोठा विणला. तोही आखूड झाल्यावर त्यातून मुलीची बंडी निघाली, शेवटी उरल्यासुरल्याचं मफलर. माझ्या जाऊबाईंना हे कधी रुचलं नाही. पोराचा पहिला स्वेटर आठवण म्हणून ठेवायचा असतो, आईला एवढीही माया नाही का, असं त्या चारचौघांत म्हणायच्या. मी उलट बोलले नाही, पण उसवायचंही थांबवलं नाही, आणि आजही मला ते बरोबरच वाटतं. तीच लोकर दोन मुलांच्या अंगावर वर्षानुवर्षं फिरली. खोकल्यात त्यांची छाती तिने झाकली, शाळेच्या बाकावर ती घासली, कोपरांना विरली तिथे मी रफू केलं. कपाटातल्या स्वेटरने यातलं काय केलं असतं? आठवण म्हणशील तर माझ्या मुलाला तो निळा रंग अजून आठवतो. जाऊबाईंनी ठेवलेला स्वेटर त्यांच्या मुलाला आठवत नाही, हे मी त्यांना कधी बोलून दाखवलं नाही. तुला सांगते, कारण असलं बोलणं तुलाही ऐकावं लागेल आणि तेव्हा तू डगमगू नयेस.

नवीन विणायला घेशील तेव्हा गळ्यापासून खाली विण. मुलं रुंदीपेक्षा लांबीला भरभर वाढतात. वरून खाली विणलेल्या स्वेटरची खालची पट्टी उकलून आणखी दोन-तीन इंच विणता येतात, बाह्यांचंही तसंच. आज घेतलेलं माप उद्या वाढवायची सोय त्यातच असते. 10 नंबरच्या, म्हणजे सव्वातीन मिलिमीटरच्या सुयांवर मधल्या जाडीची लोकर लेकरांसाठी चांगली पडते.

आता गोधडीकडे येते. तिच्यासाठीच एवढं लिहायला बसले.

खालच्या पिशवीत मला तुझ्या आजीची सुती नऊवारी दिसली. घडी मोडलेली नव्हती. कापायचा धीर होत नाही म्हणून तू बाजारातून रंगीत कापड आणून चौकोन जोडलेस, आणि तीस बाय चाळीस इंचांवर काम थांबलं. माझ्या आईची लुगडी अशीच राहिली. ती गेल्यावर घरातल्या थोरांनी ट्रंकेत घातली, डांबराच्या गोळ्या टाकल्या, वर्षातून एकदा ऊन दाखवलं. माझी मुलं झाली तेव्हा मी मागितली. आठवण आहे, हात लावायचा नाही, असं उत्तर मिळालं, आणि तेव्हा घरात माझा शब्द चालत नव्हता. पुढे ट्रंक माझ्याकडे आली. वरचं लुगडं उचललं तर घडीच्या रेषेवर फाटत गेलं. दुसरंही तसंच. बाकीचं कापड ठीक होतं, पण एकाच घडीवर वर्षानुवर्षं पडलेला धागा तिथे मरतो. मुलं तोवर मोठी झाली होती. सोलापुरी चादरीखाली वाढली. चादर उत्तम होती, तक्रार नाही. पण आजीच्या लुगड्याखाली माझी मुलं एक रात्रही झोपली नाहीत, ही खंत जात नाही आणि जाणारही नाही. म्हणून मी एवढी आग्रहाने बोलते आहे. तुला राग आला तरी चालेल.

ती नऊवारी बाहेर काढ. हिशेब बघ. नऊ वारांतून दीड वाराचे, म्हणजे चौपन्न इंचांचे, सहा तुकडे निघतात. त्यातले चार एकावर एक घातले की पंचेचाळीस बाय चौपन्न इंचांची गोधडी होते. चार वर्षांचं पोर मीटरभराचं असतं, म्हणजे पायाशी दुमडून खोचायलाही उरते. गावाकडे आम्ही सहा-सात पदर घालतो, तुमच्या हवेला चार पुरेत. उरलेल्या तीन वारांचे दोन तुकडे दुहेरी दुमडून धाकटीला दोन दुपटी होतात. तान्ह्या बाळाला जुनं धुवट कापडच लागतं, नव्याची खळ आणि करकरीतपणा त्या कातडीला सोसत नाही. बिहारमध्ये सुजनी, बंगालमध्ये कांथा, सगळीकडे बायकांनी बाळाला जुन्या साड्यांतच गुंडाळलं आहे. फक्त एक पाळ: वर्षाच्या आतल्या बाळाला झोपवताना अंगावर सैल, जड गोधडी घालायची नाही, तोंडावर येते. दुपटं गुंडाळायला, मांडीवर घ्यायला, जागेपणी खाली अंथरायला.

आणि तुझे ते जोडलेले चौकोन? तीस बाय चाळीसचा तो तुकडा जसा आहे तसा, कडा आत दुमडून, गोधडीच्या मधोमध ठेव. त्यात एकही नवा चौकोन जोडायचा नाही. भोवती चारही बाजूंनी आजीचं लुगडं दिसेल. त्या वेळच्या तुझ्या कामाला जागा मिळाली आणि गोधडी आजच्या मुलाच्या मापाची झाली.

आधी सगळं धुऊन घे, रंग जातो का ते वेगळं बघ. फरशीवर पहिला पदर पसर, चारी कोपऱ्यांवर जड डबे ठेव, मग एकेक पदर मधून कडेकडे हाताने सारखा करत घाल. वीतवीत अंतरावर लांब कच्चे टाके घाल म्हणजे पदर सरकत नाहीत. मग कडा आत मुडपून एका कोपऱ्यातून धावदोरा सुरू कर. कडेकडेने एक फेरा झाला की बोटभर आत सरकून दुसरा, असं आत आत जात मध्यावर ये. दर फेऱ्याला तळहाताने कापड मध्याकडे लोट, नाहीतर झोळ साठतो आणि शेवटी मध्येच फुगा येतो. अंगुस्तान घाल, चार पदरांतून सुई ढकलताना बोट सोलतं. हाताला वेळ नसेल तर मशीन मार. मशीनने शिवलेली गोधडी कमअस्सल, असलं काही माझ्यापाशी बोलायचं नाही.

कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ-यल्लापूर भागातल्या सिद्दी, म्हणजे मूळच्या आफ्रिकी वंशाच्या, बायका अशाच कडेपासून मध्याकडे शिवतात. त्यांच्या कवंद्यांच्या, म्हणजे गोधड्यांच्या, चारी कोपऱ्यांवर तुकड्यांचे थर देऊन फुलं लावतात, फुलांवाचून कवंदी नागडी मानतात. कवंदी कधी पाळण्यापुरती असते, कधी चार पोरं मावतील एवढी. कोण झोपणार आहे ते बघून आकार ठरतो, आणि लहान असली तरी फुलं लागतात, म्हणजे पूर्ण ती होतेच. पूर्ण होण्याचा हा अर्थ मला फार पटतो. कुठल्याशा ठरलेल्या मोठ्या आकारापर्यंत गेलं तरच पूर्ण, हे तुझ्या डोक्यात कुणी भरवलं?

तू लिहिलंस, मोठ्याला आपण एवढं केलं, धाकटीला काहीच नवीन नाही, दोघांत भेद होतो. अगं, पाच महिन्यांच्या मुलीला नव्याजुन्याचं काय? चार वर्षांच्या मुलाला मात्र बरोब्बर कळतं की बहीण आल्यापासून आईच्या हातात आपलं काही नसतं. म्हणून गोधडी आधी, आणि ती त्याच्यासमोर शिव. त्याला सुईत दोरा ओवता येणार नाही, पण डबे कोपऱ्यांवर ठेवता येतील. बंडी नंतर, ती दोन दुपारींचं काम आहे. क्रोशाचे चौकोन जितके असतील तितकेच जोडून सोफ्यावर टाक. त्यांच्या भोकांत तान्ह्याची बोटं अडकतात, पाळण्यात नको.

शिवायला बसशील तेव्हा ओट्यावर भांडी असतील, कपडे घड्यांवाचून पडलेले असतील. असू देत. मलाही बोलणारे होते, दिवसा सुई हातात घेऊन बसते म्हणून. भांडी मी रोज घासली आणि ती रोज पुन्हा पडली. मुलं मात्र त्या मापाची एकदाच होती. मी बसत राहिले आणि त्याबद्दल कुणाची माफी मागितली नाही, तूही मागू नकोस.

गोधडीचा जाड दोरा तुमच्याकडे चांगला मिळत नसेल तर कळव, इथून पांढरा आणि लाल पाठवते. आणि रविवारी फोन करशील तेव्हा मोठ्याची लांबी सांग, डोक्यापासून टाचेपर्यंत, भिंतीला टेकवून उभा करून. शाळेच्या कागदावर लिहिलेली नको. शनिवारी रात्री स्वतः टेप लावून घे.

तुझी,
मावशी