ड्यूकसाठी पॅडॉक स्टँड: घेण्याआधी फरशी बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ३९० ड्यूक घेतलीय, तिला डबल स्टँड नाही. चेन घरीच साफ करायची आहे, पुढेमागे चाकही काढायचंय. चिंचवडला सोसायटीच्या पार्किंगमध्ये जागा आहे, घरात वडिलांची जुनी स्प्लेंडर आहे. ऑनलाइन स्वस्तात दिसणारा पॅडॉक स्टँड (दांडा दाबला की मागचं चाक जमिनीवरून उचलून धरणारा सुटा स्टँड) घेऊ का, आणि एकट्याला गाडी चढवता येईल का?

घ्या. एकट्यालाही जमेल. पण गाडी चढवताना फारशी कुणाची पडत नाही, उतरवताना पडते. माझी तशीच पडली. दिवाळीच्या सकाळी चेन चकचकीत केली, पूजेची घाई, स्टँडचा दांडा उचलला आणि गाडी दोन चाकांवर आली. साईड स्टँड मात्र आतच! मी डाव्या बाजूला उभा, गाडी उजवीकडे कलली आणि शेजाऱ्यांच्या स्कूटरवर टेकली. ब्रेकचा लिव्हर वाकला, स्कूटरचं पॅनेल तडकलं, आणि फराळाचं ताट घेऊन माफी मागायला मलाच जावं लागलं. तेव्हापासून चढवण्यापेक्षा उतरवण्याकडे माझं लक्ष जास्त असतं.

आधी काम काय आहे ते ठरवा. फक्त चेन पुसून ल्यूब मारायची असेल तर पॅडॉक स्टँड लागतोच असं नाही. गाडी साईड स्टँडवर ठेवायची आणि मागचं चाक दोन रोलरच्या छोट्या ठोकळ्यावर चढवायचं, की चाक हाताने फिरतं. पार्किंगची जागा अरुंद असेल तर मी हाच सल्ला देतो. चिमट्याखाली, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दोन दांड्यांखाली, टेकू लावून चाक जरासं उचलणारी घडीची दांडीही मिळते. प्रवासात बॅगेत टाकायला बरी, पण तिच्यावर चाक काढायचं मनातही आणू नका. सगळा भार साईड स्टँडवर येतो आणि जमीन जराशी उताराची असली तरी टेकू सटकतो.

चाक काढायचं, ब्रेक पॅड बदलायचे, चेन सेट बदलायचा, तर मात्र पॅडॉक स्टँड हवा. त्यात दोन प्रकार. एकात चिमट्याला बसवलेल्या स्पूलना (बोल्टने कसलेल्या, रिळासारख्या खुंट्यांना) धरणारे हूक असतात. दुसऱ्यात चिमट्याच्या खालून आधार देणारे इंग्रजी एल अक्षरासारखे रबरी पॅड असतात. चिमट्याला स्पूल कसायची आट्यांची भोकं असतील तर डोळे मिटून हूकवाला घ्या. एल-पॅडवर गाडी नुसती टेकलेली असते, स्पूलवर ती धरलेली असते. शिवाय रबर दोन-तीन उन्हाळ्यांत कडक होतं आणि चिमट्याचा रंगही खरवडतो. आटेच नसतील तर एल-पॅड वापरावाच लागतो. मग पॅड चेन अॅडजस्टरच्या बोल्टखाली येत नाहीत ना, एवढं बघा.

स्पूल घेताना एक चूक सगळेच करतात: मापाचा अंदाज बांधतात. माझ्या जुन्या ३९० वर एम-१० चे, म्हणजे १० मिलिमीटर बोल्टचे, आटे होते. यामाहाच्या बऱ्याच गाड्यांना एम-६ लागतो, सुझुकी-होंडात एम-८ जास्त दिसतो. तुमच्या गाडीचं माप मॅन्युअलमध्ये किंवा सर्व्हिस सेंटरला विचारून घ्या. चिमटा अॅल्युमिनियमचा असतो आणि स्पूलचा बोल्ट लोखंडी, त्यामुळे जोर केला की आटे चिमट्याचेच जातात. पहिले चार-पाच आटे बोटांनी फिरले पाहिजेत. अडलं तर पाना लावू नका, काढून पुन्हा सरळ बसवा. आटे गेले तर लेथवाल्याकडे चिमटा घेऊन जायची वेळ येते, आणि त्यासाठी आधी चाक काढावं लागतं, ज्यासाठी स्टँड हवा असतो!

स्टँडमध्ये मी तीन-चार गोष्टी बघतो. खालच्या चाकांमधलं अंतर हूकांमधल्या अंतरापेक्षा बरंच जास्त हवं, नाहीतर गाडी वर जाऊन डोलते. हूकची पट्टी पाईपला जिथे वेल्ड केली आहे तिथे वेल्ड पूर्ण गोल फिरलेलं हवं. दोन ठिपके मारून रंग फासलेला असेल तर परत पाठवा. रुंदी बदलायचे बोल्ट हाताने नाही, पान्याने घट्ट होणारे असावेत. आणि किती वजनाला चालतो हे लिहिलेलं असावं. आम्ही कोल्हापूरकर लाडावलेले आहोत, उद्यमनगरात गाडी नेली तर मापाचा स्टँड समोर पाईप वाकवून करून मिळतो. तुम्हाला पुण्यात नाना पेठेत हातात घेऊन बघता येईल. ऑनलाइन फोटोत वेल्ड दिसत नाही.

ताकदीची काळजी सोडा. गाडी साधारण १७० किलोची, त्यातला निम्मा भार मागच्या चाकावर. स्टँड म्हणजे तरफ. स्टँडच्या चाकापासून हूक जवळ आणि दांडा लांब, त्यामुळे दांड्यावर १५ ते २० किलोचा जोर पुरतो. गॅसचा सिलिंडर उचलणाऱ्या माणसाला हे काहीच नाही. जड जातं ते गाडी सरळ धरून ठेवणं.

म्हणून फरशीबद्दल. सोसायट्यांमध्ये पेव्हर ब्लॉक असतात आणि पाणी वाहून जावं म्हणून उतार दिलेला असतो. स्टँडची छोटी चाकं ब्लॉकच्या फटीत अडकतात. जुन्या शहाबादी फरशीवर कोपरा उचललेला असतो. १२ मिलिमीटरचा प्लायवूडचा तुकडा, मागचं चाक आणि स्टँड दोन्ही त्यावर येतील एवढा, सुताराकडून कापून घ्या. उतार असेल तर गाडीचं तोंड चढाकडे ठेवा आणि पुढच्या चाकाला मागून उटी, म्हणजे अडसर, लावा. विटेची नको, लाकडाची. वीट फुटते, आणि फुटताना आधी सांगत नाही.

आता चढवणं. हँडल सरळ, गाडी न्यूट्रलमध्ये. पुढचा ब्रेक दाबून लिव्हर बांधून टाका. मी सायकलच्या जुन्या ट्यूबचं कडं कापून ठेवलंय, ते चपखल बसतं. गाडीच्या डावीकडे मागे उभे राहा, डावा हात मागच्या हँडलवर किंवा सीटच्या कडेला, गाडी सरळ करा. उजव्या हाताने स्टँड पुढे सरकवून दोन्ही हूक स्पूलखाली आणा. इथे थांबा आणि पलीकडच्या हूककडे वाकून बघा. डावा बसला, उजवा अर्धवट, हे पन्नास टक्के वेळा माझं अजूनही होतं. मग दांडा एका संथ दाबात खाली. झटका नको. स्टँडची चाकं आपोआप थोडी सरकतात, त्याला घाबरून मध्येच सोडू नका.

वर गेल्यावर साईड स्टँड बाहेरच राहू द्या. एक तर उतरवताना विसरायचा प्रश्न नाही. दुसरं, साईड स्टँड कट-ऑफ असलेल्या गाडीत तो बाहेर असताना गिअर टाकला की इंजिन बंद पडतं, आणि या कामात तेच हवं आहे.

कारण इंजिन चालू ठेवून, पहिल्या गिअरमध्ये चाक फिरवत चेन पुसणारे लोक आहेत. व्हिडिओही सापडतील. करू नका. फडकं चेनमध्ये गुंतलं की बोटं स्प्रॉकेटपर्यंत (चेनच्या दातेरी चाकापर्यंत) पोचायला एक क्षण पुरतो आणि तिथे बोटाचं काय होतं ते कुठल्याही जुन्या मेकॅनिकला विचारा. किल्ली काढून खिशात ठेवा, चाक हाताने फिरवा, तेही उलटं. उलटं फिरवलं की खालची चेन मागच्या स्प्रॉकेटपासून दूर जाते, सरळ फिरवलं की आत ओढली जाते. रॉकेल आणि मऊ ब्रश पुरे. पेट्रोल आणि तारेचा ब्रश चेनमधल्या रबरी रिंगांची वाट लावतात.

चाक काढणार असाल तर अॅक्सलचा नट गाडी जमिनीवर असतानाच ढिला करा, वर चढवून नाही. हे नट अशा बऱ्याच गाड्यांत ७० ते १०० न्यूटन-मीटरने कसलेले असतात. पान्याला पाईप लावून वर चढवलेल्या गाडीला हिसका दिला की ती स्टँडवरून चालू लागते. शेवटचं कसणंही गाडी खाली आल्यावर, टॉर्क पान्याने (कसण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने). चेनचा ढिलेपणा मात्र मॅन्युअल सांगेल तसा मोजा, काही कंपन्या साईड स्टँडवर मोजायला सांगतात, काही चाक वर उचलून.

पुढचा स्टँड सध्या घेऊ नका. कधी घेतलात तर मागचा आधी लावायचा, मग पुढचा. उतरवताना पुढचा आधी. फोर्कच्या (पुढच्या शॉकच्या नळ्यांच्या) खालून उचलणारा चाक काढायला चालतो, पण फोर्कच काढायचे असतील तर स्टेमखालून, म्हणजे हँडलच्या मधल्या दांड्याखालून, उचलणाराच लागतो. आणि कारचा सिझर जॅक इंजिनखाली लावायची कल्पना सुचली तर ती सोडून द्या. ड्यूकच्या पोटाखाली सायलेन्सर आणि ऑइल चेंबर आहेत, टेकू द्यायला सपाट जागा नाही.

स्प्लेंडरला नवीन काही घ्यायची गरज नाही, तिचा डबल स्टँड उत्तम आहे. फक्त एवढ्या जुन्या गाडीत स्टँडचे पाय झिजतात, मग मागचं चाक जमिनीला घासतं आणि लोक खाली फळी सारतात. पिनला ग्रीस मारा, पायाला वेल्डरकडून पट्टी लावून घ्या, स्प्रिंग सैल असेल तर बदला. चढवताना हात दुखत असतील तर तुम्ही गाडी उचलताय. उचलायची नसते. टाचेने स्टँडवर अख्खं वजन टाका, स्टँडचे दोन्ही पाय जमिनीला लागल्याचं जाणवलं की गाडी स्वतःहून मागे जाते. वडिलांना एकदा करून दाखवायला सांगा, त्यांना हे येत असणार.

उतरवताना पुढच्या ब्रेकचं कडं अजून बसलेलं आहे का, साईड स्टँड पूर्ण बाहेर आहे का, हे हाताने चाचपा, नुसतं डोळ्याने नको. डावा हात मागच्या हँडलवर, कंबर गाडीला टेकलेली, दांडा हळू वर. चाक टेकलं की गाडी स्वतःकडे, डावीकडे कलवा. स्टँड बाजूला ओढायची घाई साईड स्टँडवर भार आल्यावर. आणि स्टँडवर चढवलेली गाडी सोडून वर चहाला जाऊ नका. सोसायटीतल्या पोरांना तिच्यावर बसायचंच असतं.