सांगलीचं घर विकून अलेप्पीत बोटीवर राहायला जावं का?

प्रश्न थोडक्यात असा. वाचक ६६ वर्षांचे, जलसंपदा खात्यातून निवृत्त झालेले. काकू ६३ वर्षांच्या. सांगलीच्या गावभागात वडिलांनी बांधलेलं बैठं घर, २०१९ आणि २०२१ या दोन्ही पुरांत पाण्याखाली गेलेलं. निवृत्तिवेतन हातात महिना ४२,००० रुपये, पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत १५ लाख, बँकांत मुदत ठेवी २२ लाख. महिन्याचा खर्च ३८,०००. मुलगा पुण्यात. गेल्या डिसेंबरात केरळला गेल्यावर दोन खोल्यांची जुनी हाउसबोट विकाऊ असल्याचं कळलं, किंमत २८ लाख, जेट्टीला बांधून ठेवायचं भाडं महिना ६,०००. घराचे ६५ लाख येतील, बोटीला २८ जातील, उरलेले ३७ लाख बँकेत ठेवू, असा बेत आहे. ते लिहितात, "पाणी चढलं की घर बुडतं. बोट तरी पाण्याबरोबर वर येईल."

काका, नमस्कार.

तुमच्या पत्रातलं हे शेवटचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५ फूट. दोन वर्षांत पुन्हा तेच. भिंतींचा चिखल दोनदा खरवडलेल्या माणसाने असलं स्वप्न पाहिलं तर त्याला वेडेपणा म्हणणं मला जमणार नाही. म्हणून तुमचा बेत मी मनोरंजन म्हणून न घेता पूर्ण हिशेब मांडून तपासला आहे.

आधी तुमच्या बाजूने बोलतो. महिन्याच्या खर्चापुरतं पाहिलं तर तुम्हाला हे आज परवडतं. निवृत्तिवेतन ४२,०००, पोस्टातल्या १५ लाखांवर ८.२ टक्क्यांनी महिना सव्वादहा हजार, मुदत ठेवींवर ७ टक्के धरले तर पावणेतेरा हजार. एकूण ६५,०००. घर विकून जे उरेल त्याचं व्याज वेगळं. बोटीच्या देखभालीसाठी वर्षाला किमतीच्या दहा टक्के धरावेत, असा बोटमालकांचा ढोबळ ठोकताळा आहे. म्हणजे २ लाख ८० हजार, महिना २३,०००. जेट्टीचे ६,०००. तुमचा घरखर्च ३८,०००. बेरीज ६७,०००, येण्याजाण्याचा खर्च वेगळा. ओढाताण होईल, पण भागेल.

अडचण महिन्याच्या खर्चात नाही, परत येण्यात आहे.

वयाच्या ७६ व्या वर्षी गुडघे चालेनासे झाले, फळीवरून जेट्टीवर उतरणं धोक्याचं झालं आणि सांगलीला परतायचं ठरलं, असं धरू. आज जो फ्लॅट ५० लाखांना मिळतो तो वर्षाला पाच टक्क्यांनी महागला तरी दहा वर्षांनी ८१ लाखांचा असेल. तेव्हा तुमच्याकडे ठेवी असतील, पण त्यांचं व्याज तुम्ही दरमहा खात आला असाल, म्हणजे मुद्दल साठ-सत्तर लाखांवरच थांबलेलं. आणि बोट? लाकडी बोट दहा वर्षांनी कोण किती देऊन घेईल यावर मी एक रुपयाही गृहीत धरणार नाही. फ्लॅट घेतला तर ठेवी संपतात, ठेवी राखल्या तर घर मिळत नाही. त्या वयात मुलाच्या दोन खोल्यांत जाऊन राहण्याखेरीज पर्याय उरत नाही. तुम्ही पत्रात लिहिलंय की तेच तुम्हाला नको आहे.

याहून अवघड प्रश्न विचारतो, राग मानू नका. तुमच्यामागे काकू त्या बोटीवर एकट्या राहतील का? राज्य सरकारचं कुटुंब निवृत्तिवेतन ठरावीक मुदतीनंतर मूळ वेतनाच्या ३० टक्क्यांवर येतं. तुमचं निवृत्तिवेतन ५० टक्क्यांचं, म्हणजे काकूंना साधारण त्याच्या साठ टक्के, आजच्या हिशेबाने २५,००० च्या आसपास. बोटीचा खर्च मात्र निम्मा होत नाही. तळाला गळती लागली तर ती दोघांसाठी जेवढी, एकटीसाठीही तेवढीच. पत्रात काकूंबद्दल एकच ओळ आहे, "सौ.ची हरकत नाही". हा हिशेब त्यांच्यासमोर ठेवा आणि त्यांना हवं तेवढे दिवस विचार करू द्या. या निर्णयाची सगळ्यात मोठी जोखीम त्यांच्या वाट्याला येते.

आता कर. तुमच्या मांडणीत तो धरलेलाच नाही, म्हणून उरलेला ३७ लाखांचा आकडा चुकतो. घर २००१ पूर्वीचं असल्यामुळे १ एप्रिल २००१ चं मूल्य खरेदी किंमत म्हणून धरता येतं. ते ९ लाख निघेल असं समजू. महागाई निर्देशांक न लावता, म्हणजे जुनी किंमत महागाईनुसार न वाढवता, नफा ५६ लाख, १२.५ टक्क्यांनी कर ७ लाख. २०२५-२६ चा ३७६ हा निर्देशांक लावला तर किंमत ३३ लाख ८४ हजार होते, नफा ३१ लाख १६ हजार, आणि २० टक्क्यांनी कर सव्वासहा लाखांच्या जवळ. २३ जुलै २०२४ च्या आधी मालकीच्या असलेल्या घराला यातला कमी कर लागू होतो. उपकर धरून साडेसहा लाख म्हणा. म्हणजे बोट घेतल्यावर हातात ३७ नाही, साडेतीस लाख.

राहतं घर विकून दुसरं घर घेतलं की जी सवलत मिळते, १९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम ५४, ती बोटीला मिळत नाही. तिथे निवासी घर लागतं, आणि बोट ही जंगम मालमत्ता. तुम्ही त्यात झोपता, स्वयंपाक करता, देवघर मांडता, याने कायद्याच्या दृष्टीने फरक पडत नाही. दुसरा मार्ग कलम ५४ ईसीच्या रोख्यांचा. सहा महिन्यांत ३१ लाखांच्या आसपास त्यात गुंतवले तर कर वाचू शकतो, पण पैसे पाच वर्षं अडकतात आणि व्याज ज्येष्ठ नागरिक योजनेपेक्षा बरंच कमी. मग ६५ मधून ३१ रोख्यांत, २८ बोटीत, आणि गरजेला हाताशी सहा लाख. या वयात मला ते चालणार नाही.

बोटीला गृहकर्ज नाही. उलट तारण योजना नाही. घरावर मात्र साठीनंतर बँक उलट तारणाने दरमहा पैसे देते. मोठं आजारपण आलं तर शेवटची तरतूद म्हणून घर उभं असतं. बोट उभी राहत नाही.

रोजच्या राहण्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण डिसेंबरातले तीन दिवस पाहुणा म्हणून राहणं वेगळं. तिथल्या पारंपरिक बोटी, केट्टुवल्लम, फळ्या काथ्याच्या दोरीने बांधून करतात, खिळे मारत नाहीत. काजूच्या टरफलाचं तेल लाकडाला लावावं लागतं. बोट ठरावीक काळाने पाण्याबाहेर काढून तळ तपासावा लागतो, आणि तेवढे दिवस तुम्ही राहणार कुठे? लॉजमध्ये. बांबू आणि चटयांचं छत पावसाने कुजतं. हवा इतकी दमट की औषधं, कागदपत्रं, काकूंच्या साड्या, सगळं हवाबंद ठेवावं लागेल. संडासाची टाकी भरली की ती उपसणारा बोलवायचा. पिण्याचं पाणी काठावरून आणायचं. वीज जेट्टीमालकाची, बहुधा व्यावसायिक दराची. घरगुती गॅस जोडणीला पत्ता लागतो, तो बोटीचा कसा देणार? आधार, मतदार यादी, बँकेचं केवायसी, नोव्हेंबरातला हयातीचा दाखला, या सगळ्यासाठी एक पक्का पत्ता कुठेतरी असायलाच हवा.

जागेचा प्रश्नही आहे. बोट तुमची, पण जेट्टी दुसऱ्याची. महिना ६,००० हा तोंडी आकडा आहे. उद्या पर्यटकांच्या बोटीसाठी त्याला जास्त पैसे मिळाले तर तो तुम्हाला दोर सोडायला सांगेल. इंजिन असलेल्या बोटीला २०२१ च्या अंतर्देशीय जहाज कायद्याखाली नोंदणी, तपासणीचं प्रमाणपत्र आणि विमा लागतो. ती हलवायला परवानाधारक चालक लागतो. बांधून ठेवलेली बोटही वादळात किंवा दुरुस्तीला हलवावी लागतेच.

आणि पूर. अलेप्पीजवळच्या कुट्टनाड भागातली बरीच शेती समुद्रसपाटीच्या खाली आहे. २०१८ च्या ऑगस्टात तिथून माणसं घरं सोडून बाहेर काढावी लागली. बोट पाण्याबरोबर वर येते हे खरं, पण जेट्टी वर येत नाही, वीज येत नाही, औषधाचं दुकान उघडं राहत नाही. थन्नीरमुक्कमचा बांध डिसेंबरपासून साधारण मार्चपर्यंत खारं पाणी अडवायला बंद ठेवतात, तेव्हा आतलं पाणी साचतं आणि जलपर्णी माजते. आपल्या कृष्णेची जलपर्णी तुम्ही पाहिली आहे, वास वेगळा सांगायला नको.

दवाखान्याबाबत तर सांगलीकरांना मिरज शेजारी असल्याची किंमत बाहेर गेल्यावरच कळते. अलेप्पीजवळ वंदानमला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, सोय नाही असं नाही. पण रात्री दोनला छातीत दुखलं तर बोटीवरून फळी, फळीवरून जेट्टी, जेट्टीवरून रस्ता, आणि पुढे डॉक्टरांशी बोलायला मल्याळम. काकूंचा गुडघा आधीच दुखतो, असं तुम्हीच लिहिलंय.

तुम्ही शेवटी विचारलंय, अलेप्पी नाही तर तापोळ्याला शिवसागरात बोट ठेवता येईल का. निदान सातारा जिल्हा, घर जवळ. काका, तुम्ही त्याच खात्यातले. कोयनेचं पाणी वीजनिर्मितीला पश्चिमेकडे वर्षाला ६७.५ टीएमसीपर्यंत (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) जातं, सिंचनाला वेगळं सुटतं, आणि १०५ टीएमसीचा जलाशय उन्हाळ्यात किती मागे सरकतो हे तुम्ही नोकरीत पाहिलंय. मे महिन्यात तुमची बोट गाळात टेकलेली असेल. जलाशय सरकारचा, भोवती अभयारण्य आणि व्याघ्र प्रकल्प. तिथे कायमचं राहण्याच्या भरवशावर एक पैसाही गुंतवू नका.

मग करावं काय? तुमच्या पत्रात दोन इच्छा एकमेकींत गुंतल्या आहेत. पुरातून सुटायचंय, आणि पाण्यावर राहायचंय. पहिलीवर पैसे खर्च करा, दुसरीला भाडं द्या.

गावभागातलं घर विका, याबाबत मी तुमच्याशी सहमत आहे. विश्रामबागेकडे किंवा मिरजेला, पूररेषेबाहेर, लिफ्ट असलेल्या इमारतीत वरच्या मजल्यावर मुद्रांक शुल्क आणि नोंदणी धरून ५० लाखांपर्यंतचा फ्लॅट घ्या. कलम ५४ ची सवलत मिळून कर जवळपास शून्यावर येईल. घर विकल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. महिलेच्या नावावर मुद्रांक शुल्कात सूट मिळते म्हणून फ्लॅट काकूंच्या एकट्या नावावर घ्यायला कोणी सुचवेल. तसं करू नका, विकणारे तुम्ही असल्यामुळे करसवलतीवरून वाद निघू शकतो. दोघांच्या नावावर घ्या, पहिलं नाव तुमचं. आणि विक्रीआधी मालमत्ता पत्रकावर बहिणींची नावं आहेत का ते पाहा. असतील तर हा सगळा हिशेब नव्याने मांडावा लागेल.

उरलेल्या १५ लाखांपैकी १४ लाख काकूंच्या नावाने ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका. त्या साठीच्या पुढे आहेत, आणि प्रत्येकाला ३० लाखांपर्यंत मर्यादा आहे. सध्याच्या दराने वर्षाला १ लाख १४ हजार ८०० रुपये व्याज येतं. हा पैसा तुमच्या पाण्यावरच्या राहण्याचा. दरवर्षी तो तेवढ्यासाठीच वापरा, उरला तर पुढच्या वर्षाला ठेवा.

पहिली खेप जुलैत करा, डिसेंबरात नको. पावसाळ्यात तिथे पर्यटक कमी असतात, अनेक बोटी रिकाम्या उभ्या असतात, मालकाशी महिन्याच्या बोलीवर घासाघीस करता येते. बांधलेली बोट, इंजिन बंद, स्वयंपाकी नको, असं स्पष्ट सांगा. मिरजेहून एर्नाकुलमला जाणारी पूर्णा एक्स्प्रेस आठवड्यातून एकदा आहे, परतीचं तिकीट आधीच काढून ठेवा. भर पावसात महिनाभर राहून, ओल्या गाद्या आणि भरलेली टाकी सोसून दोघांनाही पुढच्या वर्षी जावंसं वाटलं, तर तेव्हा खरेदीचं बोलू. त्या वेळीही मी स्वतंत्र तपासनीसाकडून तळ तपासून घ्या, प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र आणि बोटीवर कर्जाचा बोजा नसल्याचा कागद पाहा असं सांगेन, आणि किंमत ठेवींच्या पाचव्या हिश्शाच्या वर जाऊ देणार नाही.

एक काम मात्र या महिन्यातच करा, बोट असो वा नसो. तुमचे २२ लाख दोनच बँकांत आहेत. ठेव विम्याचं संरक्षण एका बँकेत एका ठेवीदाराला व्याजासह ५ लाखांपर्यंतच. सांगलीत बँका अडचणीत आल्यावर माणसांचे काय हाल झाले ते तुम्ही पाहिलंय. मुदत संपेल तसतशा ठेवी चार-पाच बँकांत विभागा, काही काकूंच्या नावाने करा, आणि प्रत्येकीवर वारस नेमलेला आहे ना ते पासबुकावर स्वतः वाचून घ्या.