गोव्याच्या खाणींवर संशोधन करणार असशील तर

पोर्तुगीज काळातल्या गोव्याच्या खाणी हा विषय घेतलास, याचा खरंच आनंद झाला. सुरुवात 1906च्या खाणकायद्यापासून कर. बेमुदत खाण-परवाने, म्हणजे ‘कन्सेशन’, त्याच्याच आधारे दिले गेले. मुक्तीनंतरही ते चालू राहिले. 1987च्या कायद्याने ते रद्द करून 20 डिसेंबर 1961पासूनचे भाडेपट्टे मानले. त्यामुळे अभ्यास 1961ला थांबवू नकोस.

वाचण्यापुरती तरी पोर्तुगीज शीक, त्याला पर्याय नाही. मग पणजीच्या पुराभिलेखागारात बस. परवाना कुणाला, कुठल्या गावात, जमीन खाजगी की कोमुनिदादची, म्हणजे गावच्या सामाईक संस्थेची, हे टिपून नकाशावर मांड. निर्यातीचा भाग त्यामानाने सोपा: डिचोली-सांग्याचं लोहखनिज बार्जमधून मांडवी-जुवारीमार्गे मुरगावला जाई आणि 1950च्या दशकात जपान मोठं गिऱ्हाईक होतं.

खरी अडचण कामगारांची. मालक आणि टनांचे आकडे कागदावर सापडतात; डोक्यावरून खनिजाच्या पाट्या वाहणाऱ्या बायका क्वचितच. म्हणून गावातल्या वयस्कर माणसांच्या मुलाखती सगळ्यांत आधी घे. त्यांना कोंकणीतच बोलू दे, आणि मजुरीबरोबर झरी नि शेतं कधी बिघडली, हेही विचार.