फिंचच्या पिंजऱ्यात उंदीर येतात, जाळीबाहेर भिंतीलगत औषध ठेवलं तर चालेल का?

नाही चालणार. आणि आधी त्याला औषध म्हणणं सोडा. दुकानदार औषध म्हणतो म्हणून आपणही म्हणतो, पण ते विष आहे. जेमतेम 12 ग्रॅमच्या पक्ष्याच्या आसपास ते नकोच, जाळीच्या आत नको आणि बाहेरही नको. "बाहेर ठेवलं तर काय होतंय" या एका वाक्यावरून माझं आणि माझ्या थोरल्या भावाचं बिनसलं ते आजपर्यंत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आम्ही सांगलीचे. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचा पूर आला तेव्हा पाणी आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबलं. घर वाचलं, पण ओढ्याकाठचे सगळे उंदीर वर चढून आमच्या परसात आले. परसात दहा बाय सहाचा पिंजरा होता, त्यात झेब्रा आणि बेंगालीज या जातींचे मिळून अठ्ठावीस फिंच पक्षी. आठवडाभरात राळ्याच्या भांड्यात लेंड्या दिसायला लागल्या. रात्री पक्षी एकदम फडफडून उठायचे. फिंचला अंधारात दिसत नाही, ते जाळीवर जाऊन आपटतात. एका मादीचं टाळकं सोललेलं निघालं. अंडी रात्रभर उघडी पडून गार व्हायची.

पूर ओसरल्यावर दादा गावाकडून आला. तो ऊस करतो. म्हणाला, "अगं, एका रात्रीचं काम आहे." ज्वारीची भरड, गोडं तेल आणि त्यात झिंक फॉस्फाईडची काळी पूड, फडात करतात तसंच. जाळीपासून दोन हात लांब कौलाच्या तुकड्यावर ठेवलं. मी नको म्हणत होते. पण पुराच्या दिवसांत त्याने आमच्यासाठी इतकं केलं होतं की जोरात म्हणायला जीभ उचलली नाही.

सकाळी अकरा पक्षी खाली पडलेले. मी एकेक उचलला. मग पिंजऱ्यात घरट्यांसाठी लावलेली मडकी काढून बघितली. खालच्या ओळीतल्या एका मडक्यात उंदराने काथ्याचं घर केलं होतं. काथ्या उचलला तर खाली मूठभर भरड, तेलाने चकाकणारी, कण्यांना राखाडी-काळी पूड चिकटलेली, आणि लसणासारखा भपकारा. थोडी भरड मडक्यातून खाली राळ्याच्या टरफलांत सांडली होती. खाली पडलेलं दाणापाणी टिपायला फिंच उतरणारच. दादाला मडकं दाखवलं तर त्याने ते न बघता कट्ट्यावर ठेवलं. "पावसाळी हवेनं गेले असतील, नाजूक जात," म्हणाला. अजूनही तेच म्हणतो.

हवेने एका रात्रीत अकरा पक्षी जात नाहीत. उंदीर जिथे सापडेल तिथे बसून सगळं खात नाही. निम्मं उचलून ऊबदार, सुरक्षित जागी नेऊन साठवतो, आणि परसात त्याच्या दृष्टीने तुमच्या पिंजऱ्याइतकी चांगली जागा दुसरी नाही. झिंक फॉस्फाईडचा पोटात गेल्यावर वायू होतो आणि त्यावर उतारा नाही. ब्रोमॅडिओलोन या दुसऱ्या उंदीरविषाच्या वड्या सौम्य असतात असं कोणी सांगेल. तेही ऐकू नका. त्याने उंदीर काही दिवसांनी मरतो, तोवर हिंडत राहतो, आणि त्याला उचलणारं गव्हाणी घुबड किंवा शेजारचं मांजरही धोक्यात येतं. चिकट पुठ्ठा तर पिंजऱ्यात आणूच नका, फिंचचे पाय आणि पिसं त्यातून सुटत नाहीत.

आता काय करायचं ते. आमची जाळी अर्धा इंची होती, तिथेच घोळ होता. ज्या फटीतून पेन्सिल जाते तिथून उंदराचं पिल्लू जातं. आम्ही पाव इंची जाळी चढवली, खाली दीड फूट चर खणून जाळी बाहेरच्या बाजूला वळवून गाडली आणि बुडाला हातभर पत्र्याची पट्टी मारली. राळा पत्र्याच्या डब्यात. अंधार पडला की दाण्याची भांडी बाहेर काढायची, उजाडायच्या आत परत ठेवायची. इतका लहान जीव सकाळी उपाशी राहू शकत नाही, उशीर करू नका. रात्री झिरोचा बल्ब चालू ठेवा. आत अडकलेले उंदीर पकडायला पत्र्याचा बंद सापळा घ्या, तारेच्या सापळ्यातून पिल्लं निसटतात. आमिष खोबऱ्याचं. सापळा भिंतीला चिकटवून फक्त रात्री लावायचा आणि पहाटेच काढायचा. एवढं करून आमच्याकडचे उंदीर संपायला दोन महिने लागले. दादा म्हणतो एका रात्रीत संपतात. त्याच्या फडात संपतही असतील, तिथे तो दोन-तीन दिवस आधी साधी भरड टाकून उंदरांना सवय लावतो. पण फडात कोणी पक्षी पाळत नाही.

दोन गोष्टी राहिल्या. लेंड्या साफ करताना हातमोजे घाला, लेप्टोची (उंदरांमुळे होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाची) भीती असते. आणि मोठी बिळं, मातीचे ढीग दिसत असतील तर ती घूस आहे. तिच्यापुढे दीड फूट चर पुरणार नाही, खाली कोबाच करावा लागेल.

तुमच्या जाळीचं माप तुम्ही लिहिलेलं नाही. पट्टीने मोजून कळवा. अर्धा इंची असेल तर सापळ्याचे पैसे आधी जाळीला घाला.