फिलिपिनो सहकारी बाई कायम हसतमुख असतात. गावी ठेवलेल्या मुलांची आठवण त्यांना येत नाही का?

तुम्ही लिहिलंय की दुबईत येऊन दोनच महिने झालेत, ऑफिसातल्या फिलिपिनो बाईंची मुलं गावी आजीकडे आहेत, आणि तरी त्या दिवसभर हसतात, गाणी गुणगुणतात, सेल्फी काढतात. यांना घरची ओढ नसते का, आणि थेट विचारलं तर वाईट वाटेल का, असा तुमचा प्रश्न.

आठवण येते. ड्युटीवर दाखवत नाहीत, इतकंच. हसणं हा नोकरीचा भाग आहे. रिसेप्शनवर मीही दिवसभर हसायचे, पण मला कुणी ‘आईची आठवण येत नाही का गं’ असं विचारलं नाही.

मी एका दातांच्या दवाखान्यात होते आणि तिथल्या डेंटल असिस्टंटबरोबर दुबईच्याच करामा भागातल्या एका खोलीत अडीच वर्षं राहिले. चौघींची खोली, दोन बंकबेड, प्रत्येकीच्या बेडला पडदा. इथे त्याला बेडस्पेस म्हणतात, तुमच्या कानावर आलं असेलच. तिला सगळे ‘आते’ म्हणायचे. मी मालवणकडची. पहिले दोन दिवस मला कळेना, ही एवढ्या जणींची आत्या कशी? मग समजलं, तागालोग भाषेत आते म्हणजे थोरली बहीण. मीही आतेच म्हणू लागले, इथेही तेच म्हणते. ती बातांगास प्रांतातल्या लेमेरीची. २०१२ साली दुबईत आली तेव्हा मुलगी सात वर्षांची होती, मुलगा दोन. नवरा तिकडे ट्रायसिकल चालवतो, म्हणजे बाजूला डबा जोडलेली मोटरसायकल. मुलं वाढवली ती आतेच्या आईने.

आमची स्प्लिट ड्युटी होती, सकाळी ९ ते १ आणि संध्याकाळी ५ ते ९. मधले चार तास उन्हात जाणार कुठे, म्हणून सगळे त्या ड्युटीला शिव्या घालत. एकदा आतेला सलग शिफ्ट मिळत होती, तिने चक्क नको म्हटलं. मला ती वेडी वाटली. मग तिने हिशेब सांगितला. फिलिपीन्सचं घड्याळ दुबईच्या चार तास पुढे. आपली दुपारी १ ते ५ म्हणजे तिच्या घरी संध्याकाळचे ५ ते ९. शाळेतून आलेली मुलं, अभ्यास, जेवण, अंथरुणं, सगळं त्या चार तासांत बसायचं. सलग शिफ्ट करून संध्याकाळी सातला सुटली असती, तर तिकडे अकरा वाजून गेलेले.

खोलीवर आली की पहिल्यांदा बंकबेडच्या गजाला रबरबँडने फोन अडकवायची, मग डबा उघडायची. व्हॉट्सअ‍ॅपवरून इथे कॉल लागत नाही, म्हणून बोटिम या कॉलिंग अ‍ॅपचं पॅकेज. बोलणं दर वेळी व्हायचंच असं नाही. फोन नुसता चालू. तिकडे पोरगा गणितं करतोय, मागे कोंबडा ओरडतोय, इकडे आते युनिफॉर्मला इस्त्री करतेय. मधेच एकदम खेकसायची. शब्द कळायचे नाहीत, पण सूर अगदी ओळखीचा होता. पाय खाली घे, वहीत वाकून लिहू नको, ताईच्या वाटेला जाऊ नको. कॉल लागला की पहिलं वाक्य मात्र रोज तेच, ‘कुमाइन का ना?’ म्हणजे जेवलास का? माझी आईही फोनवर दुसरं काही आधी विचारत नाही.

(शेजारच्या फ्लॅटमधून तक्रार यायची ती बोलण्याची नाही, वासाची. ती सकाळी तुयो तळायची. तुयो म्हणजे आपल्याकडच्या सुक्या तारल्यांसारखे खारे मासे, बरोबर लसूण घालून परतलेला भात आणि व्हिनेगर. बाकीच्या दोघी नाक दाबून बाहेर जायच्या. मी मालवणची, मी ताट घेऊन आत यायचे. आमची मैत्री तिथे झाली.)

आता खोक्याबद्दल, कारण तुम्हाला तो दिसेलच. बालिक म्हणजे परत येणं, बायान म्हणजे आपलं गाव किंवा देश. परतून येणारा तो बालिकबायान, आणि तो घरी पाठवतो तो बालिकबायान बॉक्स. बोटीने जातो, दीड-दोन महिने लागतात. भाडं खोक्याच्या आकारावर, वजनावर नाही. त्यामुळे आते तो असा भरायची की सुईला जागा राहू नये. बुटांच्या आत मोजे, मोज्यांच्या आत चॉकलेटं, टॉवेलच्या घडीत साबण, कॉर्न्ड बीफचे डबे तळाला, कोपऱ्यांत टँगची पाकिटं. महिनाभर तो पलंगाखाली उघडा असायचा आणि सेलमध्ये मिळेल ते त्यात पडत राहायचं. यातलं बरंचसं लेमेरीच्या बाजारात मिळतं. मी एकदा तसं म्हटलंही, पैसेच पाठव की. ती म्हणाली, पैसे महिन्याच्या महिन्याला जातातच, ते फी आणि विजेच्या बिलात जातात. पैशाला वास नसतो. खोका उघडला की मुलं आधी आत डोकं घालून वास घेतात, म्हणे.

बुटांची गंमत वेगळी. मुलगा वहीच्या कागदावर पाय ठेवून पेन्सिलीने बाहेरून रेघ मारायचा, शेजारी पट्टी ठेवून फोटो पाठवायचा. आते त्यात बोटीचे दोन महिने मिळवायची, त्यात वाढत्या वयाचं काहीतरी मिळवायची, आणि बूट घ्यायची. एकदा अंदाज चुकला. बूट पोचले आणि लहान झाले. त्या दिवशी मी तिला पडदा ओढून बसलेली पाहिलं. जेवायलाही बाहेर आली नाही. एरवी ज्वालामुखीच्या वेळीही ती एवढी खचली नव्हती.

हो, ज्वालामुखी. १२ जानेवारी २०२०, रविवार. तेव्हा इथे सुट्टी शुक्रवार-शनिवारची होती, म्हणजे कामाचा दिवस. दुपारी आमच्या सुट्टीत फोन गजाला लटकलेला, आणि तिकडे दुपारीच फुटलेल्या ताल ज्वालामुखीचा जोर वाढला. लेमेरी त्याच्या अगदी जवळ. मुलगी सांगत होती, आकाश काळं झालंय, पत्र्यावर वाळू ओतल्यासारखा आवाज येतोय. मग तिकडची वीज गेली आणि कॉल तुटला. आते ५ वाजता ड्युटीवर आली. पेशंटच्या तोंडात सक्शन धरून उभी राहिली, हसून ‘ओके सर, ऑलमोस्ट डन’ म्हणाली. तुमच्यासारख्या नवीन कुणी तिला त्या संध्याकाळी पाहिलं असतं, तर हाच प्रश्न पडला असता. दुसऱ्या दिवशी दुपारी एका शाळेतून फोन आला, सगळे तिथे आसऱ्याला होते. मग तिने काय केलं असेल? मास्क विकत घेतले आणि निघालेल्या एका ओळखीच्या बाईच्या बॅगेत कोंबले.

नाताळ त्यांच्याकडे सप्टेंबरपासूनच सुरू होतो. ज्या महिन्यांच्या नावाशेवटी ‘बर’ येतं ते चारही महिने नाताळचे. खरी रात्र २४ डिसेंबरची. मध्यरात्री सगळं घर जेवायला बसतं, ते जेवण म्हणजे नोचे बुएना. त्यांची मध्यरात्र म्हणजे आपले रात्रीचे ८, आणि दवाखाना ९ पर्यंत उघडा. आते स्टरलायझेशनच्या खोलीत ऑटोक्लेव्हवर फोन टेकवून ठेवायची. पडद्यावर हॅम, लाल मेणातला चीजचा गोळा, गोड स्पॅगेटी. ती अवजारं पुसत पुसत त्यांच्या पंगतीत बसायची.

२०२३ साली परदेशातल्या फिलिपिनोंनी घरी सुमारे ३७.२ अब्ज डॉलर पाठवले, देशाच्या जीडीपीच्या साडेआठ टक्क्यांच्या आसपास. १९८८ साली राष्ट्राध्यक्ष कोराझोन अकिनो हाँगकाँगला गेल्या, तेव्हा तिथल्या घरकाम करणाऱ्या बायकांना त्यांनी ‘नवे वीर’ म्हटलं. ते बिरूद अजून चालतं. आतेला विचारलं तर ती म्हणते, वीरांना रजा दोन वर्षांतून एकदाच का?

मला हे आकड्यांशिवायही कळतं, कारण आमचा कोकण मनीऑर्डरवरच जगला. माझे वडील मुंबईला गोदीत होते, परळला गाववाल्यांच्या खोलीत पथारी टाकायला जागा, तीही बेडस्पेसच. गणपतीला आणि मे महिन्यात यायचे. आम्ही भावंडं धावायचो ते त्यांच्या पेटीकडे. त्यांच्याशी बोलायला दोन दिवस लाजायचो. तिसऱ्या दिवशी अंगावर चढायचो आणि आठव्या दिवशी ते निघायचे. म्हणून आतेपेक्षा मला तिच्या पोरांचं जास्त कळतं असं मला वाटायचं. ते मी तिला कधी सांगितलं नाही.

२०१८ साली ती रजेवर गेली. मुलगा आठ वर्षांचा. आते समोर ताट वाढून उभी, आणि तो आजीला विचारतो, ‘लोला, मी खेळायला जाऊ?’ परत आल्यावर तिने हे मला हसतच सांगितलं, आणि वर म्हणाली, बरोबरच आहे, शाळेत सह्या आजीच करते ना. आता मुलगी नर्सिंग शिकतेय. मध्यंतरी तिने फोनवर विचारलं की दुबईत नर्सला पगार किती. मी आतेला पोरीवर एवढी चिडलेली कधी ऐकलं नव्हतं. फोन ठेवला आणि पगार किती ते मात्र तिने चौकशी करून ठेवलं.

तर, कसं विचारायचं. ‘आठवण येत नाही का’ नको, त्यात आरोप आहे. दुपारी डबा उघडताना ‘कुमाइन का ना, आते?’ म्हणा. वयाने लहान असली तर नुसतं ‘कुमाइन का ना?’ बस. फोटो ती स्वतः दाखवेल, आणि दाखवायला लागली की तुमची सुट्टी संपेल. खोका भरताना भेटली तर एखादी वस्तू तुमच्याकडून टाका. मी आमसुलं दिली होती. ते सिनिगांग नावाचा चिंचेच्या आंबटाचा रस्सा करतात, एकदा खोलीत चिंच नव्हती म्हणून मी चार आमसुलं टाकली, रस्सा लाल झाला, तरी आतेने दोनदा वाढून घेतला. म्हणून पाकीट खोक्यात गेलं. तिच्या आईने फोनवर कुरकुर केली की हे कसलं, माझं सगळं पातेलं रंगलं. मी लग्नानंतर शारजाला आले, आता फारशी भेट होत नाही. परवा आतेचा मेसेज आला, खोका भरायला घेतलाय, आईने ते काळं आंबट पुन्हा मागितलंय, या वेळी दोन पाकिटं.