आजी सगळ्यात खाली का?

"मॅडम, माझा मुलगा इतका निर्दयी कसा झाला हो?"

दुसरीतल्या एका मुलाची आई माझ्यासमोर बसून रडत होती. पुण्यातल्या एका आंतरराष्ट्रीय शाळेत मी समुपदेशक आहे. (कुणाची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, आणि घरच्यांना विचारूनच लिहिते आहे.) वर्गात जपानहून एक नवा मुलगा आला होता. त्याच्या वडिलांची चाकणच्या कारखान्यात बदली झाली होती. आपला पठ्ठ्या त्याला 'डम्ब' म्हणायचा, त्याच्या उच्चारांची नक्कल करायचा आणि बाकीची पोरं खिदळायची. बाईंनी 'सॉरी'चं कार्ड करून घेतलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

आईचं म्हणणं होतं, "भिंतीवर सगळ्या देशांचे झेंडे आहेत, 'केअरिंग'चं पोस्टर आहे. मग हे येतं कुठून?"

आमच्याकडे आयबीचा, म्हणजे 'इंटरनॅशनल बॅकलॉरिएट' या आंतरराष्ट्रीय संस्थेचा प्राथमिक अभ्यासक्रम आहे. मुलांमध्ये यावेत असे दहा गुण त्यात सांगितले आहेत, त्यातला 'केअरिंग' एक. पोस्टर चांगलंच आहे. पण सात वर्षांचं मूल पोस्टर वाचून वागत नाही. मोठी माणसं कुणाशी कशी वागतात, ते बघून वागतं.

मुलगा आला तेव्हा मी कार्डाचा विषयच काढला नाही. लाकडी ठोकळे पुढे ठेवले आणि म्हटलं, "तुझ्या ओळखीची माणसं लाव बघू. सगळ्यात हुशार कोण ते वर." त्याने बाबांना सगळ्यात वर ठेवलं. मग आई, वर्गातल्या बाई, तो स्वतः. बराच खाली ड्रायव्हरकाका. त्यांच्याही खाली दोन ठोकळे शेजारी-शेजारी ठेवले, एक नवा मुलगा आणि एक आजी.

"आजी इतकी खाली?"

"तिला इंग्लिश येत नाही ना!" त्यात चिडणं नव्हतं, दुष्टपणा नव्हता. पाऊस वरून पडतो म्हणावं तसं तो बोलला.

ही आजी सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं शिक्षिका होती. शाळा सुटल्यावर नातवाला न्यायला यायची, पण त्याने तिला बजावून ठेवलं होतं की गेटवर मराठीत मोठ्याने हाक मारायची नाही.

मी आई-वडिलांना दोघांनाही बोलावलं. वडील आधी वैतागले. मग आईच हळूच म्हणाली, "अहो, तुम्ही जेवताना आईंचे इंग्रजी उच्चार सुधारता आणि आपण सगळे हसतो." बराच वेळ कुणी बोललं नाही. वडिलांचे डोळे भरून आले. त्यांना कुणी दोषी ठरवू नये असं मला मनापासून वाटतं. स्वतः कॉलेजात इंग्रजीपायी अपमान सोसलेला माणूस तो, मुलाच्या वाट्याला ते येऊ नये म्हणून धडपडत होता. संयुक्त राष्ट्रांच्या 1989च्या बालहक्क कराराचं 29वं कलम मी त्यांना दाखवलं. शिक्षणाने मुलात कशाबद्दल आदर रुजवायचा, ते त्यात आहे. त्यातल्या एका वाक्यात आधी येतात आई-वडील, मग स्वतःची संस्कृती, स्वतःची भाषा. वेगळ्या संस्कृतींबद्दलचा आदर त्याच वाक्यात आहे, पण शेवटी.

वर्गातही एक गोष्ट सांगावी लागली. नव्या भाषेत पडलेली अनेक मुलं सुरुवातीला कितीतरी आठवडे गप्प असतात. ती ऐकत असतात, साठवत असतात. पोरांना (आणि खरं सांगायचं तर काही मोठ्यांनाही) ते गप्प बसणं म्हणजे मठ्ठपणा वाटतो.

मग मी आजींना वर्गात बोलावलं. नातू कावराबावरा झाला होता. आजींनी फळ्यावर मराठी अक्षरं लिहिली, मुलांकडून म्हणून घेतली. मग मी नव्या मुलाला त्याची अक्षरं म्हणायला सांगितलं. इतके दिवस जेमतेम एखादा शब्द बोलणारं ते पोर उभं राहिलं आणि एका दमात म्हणालं, "आ इ उ ए ओ, का कि कु के को..."

आजी खडू हातात धरून थांबल्या. "अगं बाई! ही तर आपली बाराखडी!"

तसं ते आहेच. जपानी अक्षरमालेचा क्रम बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासातून आलेला आहे. आजींना हे माहीत नव्हतं, पण तीस वर्षं बाराखडी घोकून घेतलेल्या कानाला ते लगेच कळलं. त्या पुढचं म्हणू लागल्या, तो त्याचं म्हणू लागला. 'ना', 'मा', 'या', 'रा'ला दोघं जुळले की वर्ग टाळ्या पिटायचा. नातू बाकावरून अर्धा उठून बघत होता.

म्हणून तो एका दिवसात बदलला, असं मी कुठल्याही आईला सांगणार नाही. पुढच्याच आठवड्यात त्याने पुन्हा एकदा नक्कल केली. फरक इतकाच की या वेळी कुणी सांगायच्या आत तो स्वतःच थांबला. घरी जेवताना उच्चार सुधारणं बंद झालं आहे. वडील आता आजींना गावच्या शाळेतल्या गोष्टी विचारतात, त्याही मुलासमोर. तुमच्याकडे असं काही चाललं असेल तर माफीच्या कार्डाआधी एकदा ठोकळे लावून घ्या. घरातलं कोण कितव्या पायरीवर आहे ते बघा.

परवा मी गेटपाशी उभी होते. आजींनी विसरून मोठ्याने हाक मारली, "बाळा, इकडे ये रे!" तो दचकला. इकडेतिकडे बघितलं. मग चालत गेला आणि दप्तर त्यांच्या हातात दिलं.