‘बायकोला काही त्रास नाही’

प्रिय लेकी,

लैंगिक आजारांच्या दवाखान्यात समुपदेशक म्हणून रुजू होऊन आठवडा झाला नाही आणि तुझा फोन आला, ‘मावशी, लोक खरं बोलतच नाहीत.’ तेव्हा नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते आहे.

माझ्याकडे यंत्रमागावरचा एक कामगार वर्षात तीनदा आला. तक्रार तीच : लघवीला जळजळ, पू. गोळ्या घेतल्या की बरा व्हायचा. मी दोनदा कंडोमची पाकिटं दिली, वापरायचं कसं ते सांगितलं आणि माझं काम संपलं असं समजले. तिसऱ्यांदा बायकोचं विचारलं. म्हणाला, ‘तिला काही त्रास नाही.’ माझी चूक तिथे माझ्या लक्षात आली. परमा (गनोरिया) किंवा क्लॅमिडिया हे संबंधातून लागणारे आजार झालेल्या कितीतरी बायकांना काहीच जाणवत नाही. आजार तिला त्याच्याकडूनच गेला होता. तो बरा व्हायचा आणि घरात पुन्हा लागण व्हायची. असा आजार आत गर्भनलिकेपर्यंत गेला तर मूल होणं अवघड होतं, आणि मग बोल तिलाच लागतो.

तिला आणायचं कसं? ती विड्या वळायची. मजुरी हजारी हिशेबानं, त्यामुळे दिवस बुडवणं परवडणारं नव्हतं. म्हटलं, कारखान्यात विड्या द्यायला निघालीस की वाटेत ये. आली. शहराच्या पूर्व भागातली, तेलुगू बोलणारी. नवरा मध्ये बोलायला लागला, त्याला मी बाहेर बसवलं. हे लक्षात ठेव : नवऱ्याला कधी दुभाषा करू नकोस. भाषा येणारी आपली परिचारिका बोलाव.

‘किती जणांशी संबंध?’ हा तुझा पहिला प्रश्न असेल तर खरं उत्तर येणार नाही. कामाची पाळी कुठली, खोलीवर कोण कोण राहतं, गावी कधी जातोस, इथून सुरुवात कर. हायवेवरचा ड्रायव्हर असेल तर आधी मेडिकलमधून कुठल्या गोळ्या घेतल्या ते विचार. अर्धवट औषधानं जंतू चिवट होतात. चारित्र्यावर बोललीस तर तो परत येत नाही, ‘गुप्तरोग’ असा फलक लावलेल्या तंबूत जातो.

आणि बाईला ‘नवऱ्याला कंडोम वापरायला सांग’ म्हणून मोकळी होऊ नकोस. असं म्हटल्यावर संशय घेऊन मारलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. ते त्याच्याशी तू बोल.

गरमीचा (सिफिलिसचा) फोड आपोआप भरतो आणि माणूस निर्धास्त होतो. आजार मात्र अंगात राहतो. म्हणून येईल त्याला गरमीची आणि एचआयव्हीची तपासणी सुचव. संमती घेऊनच, २०१७चा एचआयव्हीबद्दलचा कायदाही तेच सांगतो. आज एचआयव्हीचा निकाल निगेटिव्ह आला तरी ३ महिन्यांनी परत बोलाव.

तुझ्या खोलीचं दार नीट लागत नाही म्हणालीस ना? बाहेरच्या बाकावर सगळं ऐकू जात असणार. सोमवारी आधी सुतार बोलाव.

तुझी,
मावशी